चेंडूची फिरकी

प्रकाशाच्या परावर्तनाचा धडा शिकविताना आम्ही शिक्षक मंडळी एक दृष्टान्त हटकून देतो. कॅरमच्या चौकटीवर आदळलेली सोंगटी ज्या कोनात येते त्याच कोनात परतते. आरशावरचा किरणही तसाच. आदिलाबादेत अनेक वर्षे मीही हेच सांगत आलो. एकदा मात्र सोंगटीऐवजी बिलियर्ड्सच्या चेंडूचे नाव घेतले, तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, “सर, चेंडू तसा परतत नाही. आपण परतवू तसा परततो.” हा मुलगा शाळा सुटल्यावर पूलच्या टेबलापाशी रेंगाळतो म्हणून त्याच्या वडिलांना बोलावून मीच ताकीद दिली होती. वर्ग हसला, आणि मी त्याला खाली बसविले.

पण ते वाक्य मनातून जाईना. पुढच्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर मी त्यालाच बरोबर घेऊन त्या टेबलापाशी गेलो. त्याने क्यूच्या टोकाला खडू लावला आणि पांढरा चेंडू समोरच्या कुशनवर काटकोनात मारला. पहिल्या खेपेस टोला मधोमध बसला. चेंडू सरळ माघारी आला. दुसऱ्या खेपेस टोला मध्याच्या किंचित उजवीकडे होता. चेंडू जाताना जवळजवळ सरळच गेला, परतताना मात्र उजवीकडे वळला. डावीकडे टोला देताच तो डावीकडे वळला.

याचे मूळ घर्षणात आहे. सायकल स्टँडवर उभी करून मागचे चाक जोराने फिरवावे आणि फिरत असतानाच ते जमिनीला टेकवावे. सायकल पुढे झेपावते. चाक जमिनीला मागे लोटते, जमीन चाकाला पुढे लोटते. कुशनपाशी हेच घडते. उजव्या अंगास टोला बसलेला चेंडू, वरून पाहिल्यास, घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने गिरक्या घेत जातो. कुशनला टेकणारा त्याचा भाग त्या क्षणी डावीकडे सरकत असतो. कुशनवरचे कापड त्याला धरते आणि चेंडूला उजवीकडे ढकलते.

आता चेंडू तिरका, म्हणजे डावीकडून उजवीकडे जात कुशनवर आला असे समजा. त्याला उजवी फिरकी असेल तर कुशनचा हा धक्का त्याच्या वाटेला साथ देतो. तो अधिक पसरट कोनात आणि अधिक वेगाने निघतो. डावी फिरकी असेल तर धक्का वाटेच्या आड येतो. कोन आखडतो आणि वेगही मंदावतो. येथे नुसत्या फिरकीपेक्षा फिरकी व वेग यांचे प्रमाण महत्त्वाचे. म्हणूनच हळू जाणारा चेंडू अधिक वळलेला दिसतो. मात्र मध्यापासून त्रिज्येच्या सुमारे निम्म्याहून दूर टोला दिला, तर खडू लावूनही क्यू घसरते.

तर मग फिरकी नसताना तरी आपला नियम खरा काय? तोही पुरता नाही. कुशनवर आदळताना चेंडूचा समोरचा वेग काहीसा नष्ट होतो. त्यामुळे कोन पसरतो. घर्षणाने कुशनलगतचा वेगही घटतो. त्यामुळे कोन आखडतो. या दोन उणिवा एकमेकींना झाकतात, आणि कोन समान असल्याचा भास होतो. किरणाचे तसे नाही. त्याचे कोन खरोखरच समान असतात.

हा विषय थोरामोठ्यांनाही क्षुद्र वाटला नाही. पृथ्वीच्या भ्रमणामुळे वारे का वळतात हे शिकविताना आपण ज्या कोरिओलिसचे नाव घेतो, त्या फ्रेंच गणितज्ञाने 1835 साली बिलियर्ड्सच्या चेंडूंवर एक ग्रंथच लिहिला. आणि पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी 1958 साली कलकत्त्यात व 1964 साली न्यूझीलंडमध्ये हौशी खेळाडूंचे बिलियर्ड्सचे जगज्जेतेपद मिळविले. ग्रंथात जे समीकरणांनी मांडले, ते अशा खेळाडूंच्या मनगटात वसत असते.

सोमवारी वर्गात मी फळ्यावर आकृती काढली आणि माझा दृष्टान्त चुकीचा होता, असे सांगितले. फिरकीची आकृती मात्र त्या मुलाला काढावयास लावली. खडू त्याच्या हाती देताना आदल्या दिवशीच्या खडूची आठवण आम्हा दोघांनाही झाली असावी. या वेळी वर्ग हसला नाही. नंतर मी त्याच्या वडिलांना पुन्हा बोलावले. अभ्यासाची वेळ त्याने पाळलीच पाहिजे, हे तेव्हाही सांगितले. पण त्याआधी, तुमच्या मुलाने मला एक धडा शिकविला, हे सांगितले.

मूल कोठे रेंगाळते याची चौकशी आपण करतो, ती करावीच. तेथे ते काय पाहते, हेही एकदा विचारावे.