डोळे मिटून प्रवास : पाणबुडीतलं क्षेपणास्त्र वाट कशी ओळखतं?

आपली पाचोरा-जामनेर गाडी आठवा. पीजेत डोळे मिटून बसलं, तरी धक्क्यावरून वेग वाढला-घटला हे कळायचं, अंग कललं की वळण कळायचं. त्यावरून कुठवर आलो याचा अंदाज बांधायचा. जडत्वीय मार्गदर्शन म्हणजे हेच. त्वरणमापक धक्का मोजतो, जायरोस्कोप वळण. बाहेरचा संदेश लागत नाही, म्हणून शत्रूला तो अडवताही येत नाही.

पण चूक साचत जाते. डोळे उघडून शेंदुर्णीची पाटी पाहिली की हिशेब सुधारतो. पाण्याखाली पाटी कुठली? पाणबुडीच्या जागेतली चूक क्षेपणास्त्राबरोबर वर जाते. म्हणून अमेरिकेचं ट्रायडंट वर गेल्यावर तारा पाहून ती दुरुस्त करतं. आता फिरत्या चाकाऐवजी प्रकाशावर चालणारे जायरोस्कोपही आले आहेत. त्यात झिजणारं चाकच नाही.

आपल्या 'अरिहंत'नं १४ ऑक्टोबर २०२२ रोजी बंगालच्या उपसागरात क्षेपणास्त्र डागलं. नेम अत्यंत अचूक होता, असं सरकारनं सांगितलं. आता प्रश्न असा, की २००३ पासून आपलं जाहीर धोरण 'आधी वापर नाही' हे आहे. नुसत्या प्रत्युत्तराला एवढा नेम लागत नाही. तो लागतो समोरच्याची क्षेपणास्त्रं जागेवरच फोडायला. ती भीती बसली, तर तोच घाई करील. म्हणून नेम सुधारताना हेतू अधिक स्पष्ट सांगावा लागतो, असं मला वाटतं. आता तुमचे प्रश्न घेऊ.