अंगाला ताण, पण बेताने

पुण्याच्या बुधवार पेठेत अप्पा बळवंत चौकातला विक्रेता दिवसभर पुस्तकांचे गठ्ठे उचलतो, तर तुळशीबागेतली विक्रेती तासन्‌तास उभी असते. संध्याकाळी दोघांचीही पाठ आखडते. अशांना पडणारे हे नेहमीचे प्रश्न.

सकाळी उठल्या उठल्या ताणावं का? थंड स्नायू लगेच ओढू नयेत. आधी पाच-दहा मिनिटं चालावं, खांदे-कंबर फिरवावी.

किती वेळ? एक ताण १० ते ३० सेकंद, दोन-तीनदा. आठवड्यातून निदान दोन-तीन दिवस. हिसके देऊ नयेत, श्वास कोंडू नये.

दुखलं तर? ओढ जाणवणं ठीक. टोचणारी कळ, मुंग्या किंवा सांध्यात दुखणं जाणवलं की थांबावं. जुनी दुखापत, शस्त्रक्रिया किंवा गरोदरपण असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावं.

पायाचे अंगठे हाताला लागतच नाहीत! पाठीवर झोपून एक पाय वर घ्यावा, तळव्याला पंचा अडकवून दोन्ही टोकं हळूच ओढावीत. गुडघा किंचित वाकला तरी चालेल.

पट्टा, वीट, खुर्ची यांचा असा आधार घेण्याची पद्धत रुजवणारे बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यात योग शिकवायला आले. बालपण आजारपणात गेलेलं. सुरुवातीला वाकल्यावर त्यांची बोटं जेमतेम गुडघ्यांपर्यंत पोहोचत. शिवाजीनगर भागातली त्यांची संस्था १९७५ पासून सुरू आहे.