वाजिमाची लाखभांडी : भूकंपाआधीची पडझड

सुमारे 62 लाख येनांवरून 24 लाख येनांवर. जपानमधल्या वाजिमा शहरात लाखभांडी घडवणाऱ्या दर माणसामागचे वार्षिक उत्पादन तीन दशकांत एवढे घसरले. तेही 1 जानेवारी 2024च्या 7.6 तीव्रतेच्या भूकंपाआधी.

हिशेब असा. 1990च्या सुमारास इथे जवळपास 2,900 माणसे 1,800 कोटी येनांच्या आसपास माल काढत. भूकंपापूर्वी माणसे हजारभर उरली आणि माल सुमारे 240 कोटींवर आला. माणसे 65 टक्क्यांनी घटली, माल मात्र 87 टक्क्यांनी. कारागीर कमी झाले म्हणून उरलेल्यांचा वाटा वाढला नाही. तो निम्म्याहूनही खाली गेला.

देशभर हीच दिशा दिसते. 1974च्या कायद्यानुसार जपानने 240हून अधिक पारंपरिक हस्तकलांना मान्यता दिली आहे. वस्तू रोजच्या वापरातली, मुख्य काम हाताचे आणि तंत्र साधारण 100 वर्षांचे, अशा त्याच्या अटी आहेत. या कलांचे उत्पादन 1983मध्ये सुमारे 54,000 कोटी येन होते. 2016मध्ये ते 9,600 कोटींच्या घरात आले. स्वस्त यंत्रमाल आला, घराघरांतली पंगतीची भांडी गेली आणि 1990नंतरच्या मंदीत महागड्या वस्तूंचे गिऱ्हाईक आटले.

वाजिमाचा एक वाडगा 100हून अधिक टप्प्यांतून जातो. लाकूड कातणारा वेगळा, अस्तर देणारा वेगळा, घासणारा, शेवटचा हात देणारा, सोन्याची नक्षी काढणारा वेगळा. लेपासाठी वापरला जाणारा उरुशी झाडाचा चीक उबदार, दमट हवेतच घट्ट होतो. त्यासाठी खास कपाटे लागतात. भूकंपात कार्यशाळा पडल्या, आगीत सुमारे 240 इमारती जळाल्या. एक कारागीर गाव सोडून गेला तरी पुढच्या सगळ्यांचे काम अडते.

नुसते घर पडणे आणि घरासोबत कामही पडणे, यातला फरक महाराष्ट्रात धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातल्या सास्तूर गावाला चटकन कळेल. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे 6.2 तीव्रतेच्या धक्क्याने दगडमातीच्या भिंती आणि जड माळवदे माणसांवर कोसळली. लातूर-धाराशिव भागातल्या 52 गावांचे नव्या जागी पुनर्वसन झाले. मदतीचे माप होते घर. ते बऱ्याच अंशी पुरलेही, कारण घर पडले तरी शेत जागेवर होते. वाजिमात अनेकांचे घर आणि कारखाना एकाच छपराखाली. दोन्ही एकदमच गेले.

म्हणूनच तिथे 2024मध्येच तात्पुरत्या कार्यशाळा उभारायला घेतल्या. त्या गरजेच्याच आहेत. पण छप्पर मिळाल्याने कारागीर फार तर 24 लाखांच्या आकड्यावर परततो. 62 लाखांची वाट गिऱ्हाइकाच्या दारातून जाते, आणि ते दार भूकंपाने बंद केलेले नाही.