जागा लागली, पण प्रवेश झाला का?

निकाल लागले की आपल्या वस्त्यांमध्ये दोन गोष्टी एकाच वेळी सुरू होतात. विहारात दहावी-बारावीच्या गुणवंतांचे सत्कार होतात. शाल, गुलाबपुष्प, सन्मानचिन्ह, पाहुण्यांची लांबलचक भाषणे. आणि त्याच आठवड्यात तीच मुले सायबर कॅफेसमोर रांगेत उभी असतात, हातात प्लास्टिकची फाइल, त्यात निम्मी कागदपत्रे. सत्काराला आमचा विरोध नाही. पण काही वर्षे विहारात प्रवेश मदत केंद्र चालवल्यावर आम्हाला एक गोष्ट खटकू लागली. सत्काराच्या यादीतली काही नावे सप्टेंबरमध्ये कुठल्याच कॉलेजच्या हजेरीपटावर नसतात. गुण होते, जागाही लागली होती. मधेच कुठेतरी सगळे सुटले.

गेल्या पावसाळ्यात एक मुलगी आमच्याकडे आली ती जागा गेल्यानंतर. सीईटीचा पर्सेंटाइल चांगला होता, दुसऱ्या फेरीत तिला एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात जागा लागली होती. आईबरोबर ती कॉलेजात गेली. काउंटरवरच्या माणसाने सांगितले, आधी पूर्ण फी भरा, स्कॉलरशिप आली की परत देऊ. मायलेकी घरी परतल्या आणि पैसे जमवू लागल्या. बचत गट झाला, मामा झाले, शेवटी कानातले गहाण ठेवायचे ठरले. तोवर हजर होण्याची मुदत संपली होती. शिष्यवृत्तीस पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क घेऊ नये, अशा सूचना शासनाने कॉलेजांना वेळोवेळी दिलेल्या आहेत, हे त्या दोघींना कुणीच सांगितले नव्हते. सत्कार करणाऱ्या आम्हीही नाही.

म्हणून या लेखात 'कोणता कोर्स चांगला' यापेक्षा 'घेतलेला प्रवेश पुरा कसा होतो आणि टिकतो कसा' यावर आम्ही जास्त बोलणार आहोत.

बाबासाहेबांच्या शिक्षणाची कहाणी आपण जयंतीला पदव्यांची यादी म्हणून सांगतो. पण ती यादी प्रवेश टिकवण्याच्या धडपडीतून उभी राहिली आहे. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये कोलंबियाला गेले, १९१६ मध्ये लंडनला आले, ग्रेज इन आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातले. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. पण परतण्याआधी त्यांनी एक काम केले होते. चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुढे सुरू करण्याची परवानगी विद्यापीठाकडून घेऊन ठेवली होती. मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत घेतली, नवल भथेना या मित्राकडून कर्ज घेतले आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठले. एमएससी १९२१ मध्ये, डीएससी १९२३ मध्ये. ती परवानगी घेतलीच नसती तर काय झाले असते, याचा विचार आपल्या मुलांनी जरूर करावा.

आता कॉलेज निवडण्याविषयी. घरात कुणी आधी कॉलेजला गेलेले नसेल तर निवड बहुधा तीन गोष्टींवर होते. मित्र कुठे जातोय, बसच्या मागच्या जाहिरातीत काय लिहिले आहे, आणि कुठला एजंट घरी येऊन गेला. एजंट घरी आला तर त्याला चहा द्या, मूळ कागदपत्रे देऊ नका. तो बहुधा व्यवस्थापन कोट्यातली जागा विकायला आलेला असतो, आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांना त्या कोट्यातून प्रवेश घेतला की शासनाची शिष्यवृत्ती आणि फ्रीशिप दोन्ही हातची जातात. अट स्पष्ट आहे, प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅप फेरीतून झालेला असला पाहिजे. 'आधी घेऊन टाका, नंतर स्कॉलरशिप बसवून देतो' हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की आता ते ऐकले की आम्ही कॉलेजचे नाव विचारायच्या आधीच नाही म्हणतो. कॅपनंतर संस्था पातळीवर भरल्या जाणाऱ्या रिकाम्या जागांचेही तसेच. शिष्यवृत्ती लागू आहे का, हे लेखी विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. खासगी विद्यापीठे आणि अभिमत विद्यापीठांच्या चकचकीत इमारतींना भुलू नका, तिथे अनेकदा शासकीय शिष्यवृत्ती लागूच नसते.

कॉलेजची मान्यता तपासणे सोपे आहे आणि तरीही कुणी करत नाही. इंजिनिअरिंगला एआयसीटीई, फार्मसीला फार्मसी कौन्सिल, विधीला बार कौन्सिल, नर्सिंगला नर्सिंग कौन्सिल. संकेतस्थळावर कॉलेजचे नाव दिसले पाहिजे. खासगी व्यावसायिक कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर असते. कॉलेज जी फी सांगते ती आणि तिथली फी ताडून पाहा. 'पॅकेज'च्या गप्पांत सर्वांत मोठा आकडा विचारू नका. वर्गातल्या निम्म्या मुलांना निदान किती मिळाले, ते विचारा. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समजा.

पण आमच्या मते सर्वांत उपयोगी चौकशी माहितीपत्रकात नसते. त्या कॉलेजात दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असलेला आपल्या समाजातला एखादा विद्यार्थी शोधा आणि त्याला तीन प्रश्न विचारा. शिष्यवृत्तीचे पैसे यायला उशीर झाला म्हणून कॉलेजने हॉल तिकीट किंवा निकाल अडवला का? शिष्यवृत्तीचे अर्ज पाहणारा कारकून जागेवर भेटतो का, की 'उद्या या' म्हणतो? वर्गात, हॉस्टेलमध्ये जातीवरून कुणी बोलले तर तक्रार कुठे करायची हे तुला माहीत आहे का? तिसऱ्या प्रश्नावर तो गप्प झाला तर त्या कॉलेजात समान संधी कक्ष फक्त फलकावर आहे असे समजायला हरकत नाही. दहा गुणांनी वरचे पण मुलांना फीसाठी छळणारे कॉलेज आणि थोडे खालचे पण सरळ वागणारे कॉलेज, यात आम्ही दुसरे सुचवतो. यावर आमच्यातच वाद होतात. पण चार वर्षे काढायची आहेत ती मुलाला, सत्कार समितीला नाही.

कागदपत्रांकडे येऊ. उत्पन्नाचा दाखला, अधिवास दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका ही नेहमीची यादी सगळ्यांना पाठ आहे. घोळ होतो तो जातीच्या दाखल्यात आणि वैधता प्रमाणपत्रात. आपल्या घरांत हे हमखास असते. पणजोबांच्या शाळेच्या नोंदीत 'हिंदू महार', वडिलांच्या दाखल्यात 'बौद्ध', मुलाच्या दाखल्यात 'नवबौद्ध'. यात घाबरण्यासारखे काही नाही, १९५६ नंतर आपला इतिहासच तसा आहे. पण दाखला काढताना काळजी घ्या. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातीतून धर्मांतरित झालेल्या बौद्धांना देशभर अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला, मात्र केंद्राच्या यादीत 'बौद्ध' ही जात नाही, मूळ जातींची नावे आहेत. म्हणून आयआयटी, एनआयटी किंवा कुठल्याही केंद्रीय संस्थेसाठी केंद्राच्या नमुन्यातला, मूळ जातीचा उल्लेख असलेला दाखला लागतो. नुसते 'बौद्ध' लिहिलेला दाखला घेऊन गेलेली मुले तिथे अडकतात. 'आम्ही जात सोडली, मग पुन्हा का लिहायची' असे काही तरुण आम्हाला विचारतात. त्यांची अस्वस्थता खरी आहे. धर्माच्या रकान्यात बौद्धच लिहा. दाखल्यातला मूळ जातीचा उल्लेख हा संविधानाने दिलेल्या हक्काचा कायदेशीर पुरावा आहे, श्रद्धेचे निवेदन नव्हे.

वैधता प्रमाणपत्रासाठी बारावीच्या निकालाची वाट पाहू नका. अकरावीतच कॉलेजमार्फत अर्ज करा. अर्ज ऑनलाइन भरून त्याची प्रत जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे द्यावी लागते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा जातीचा आणि वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. इथेच लोक हात टेकतात, कारण आजोबा-पणजोबा शाळेत गेलेलेच नसतात. अशा वेळी गावी जा. तहसीलमधले जुने जन्म-मृत्यूचे नोंदवहीतील उतारे, ज्यांना आपण कोतवाल बुक म्हणतो, ते काढा. महार वतनाची जमीन होती का, तिचे फेरफार आणि जुने सातबारा पाहा. चुलत्याच्या किंवा चुलत भावाच्या नावे वैधता झाली असेल तर ती प्रत वंशावळीसह जोडा, काम खूप हलके होते. हे कागद मिळवायला गावच्या दोन-तीन फेऱ्या लागतात. निकालानंतरच्या पंधरा दिवसांत त्या होत नाहीत. अर्जाची पावती जपून ठेवा. प्रवेशाच्या वेळी पावतीवर भागते, पण ठरलेल्या मुदतीत प्रमाणपत्र दिले नाही तर राखीव जागेवरचा दावा जातो.

सीईटीचा फॉर्म हा आणखी एक खड्डा. आपल्या मुलांना वाटते सीईटी म्हणजे इंजिनिअरिंग-फार्मसी. विधीला सीईटी आहे, आणि २०२४-२५ पासून बीबीए, बीसीए, बीएमएसलाही सुरू झाली. त्या वर्षी कितीतरी मुले बारावीनंतर कॉलेजात गेली आणि तिथे त्यांना कळले की परीक्षा होऊन गेली.

कॅपमध्ये पसंतीक्रम भरताना सायबर कॅफेवाल्याला 'तुम्हीच भरा' म्हणू नका. राज्य सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर मागच्या वर्षीचे कट-ऑफ असतात, ते घेऊन घरी बसून यादी करा. जे कॉलेज खरोखर हवे ते वर, आणि जिथे जाणारच नाही ते यादीत नकोच. कारण पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा लागली तर ती आपोआप फ्रीझ होते, पुढच्या फेऱ्यांत बदल करता येत नाही. २०२५-२६ पासून इंजिनिअरिंगला हा नियम दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहा पसंतींना लागू झाला. जागा लागल्यावर ऑनलाइन स्वीकारून जागा स्वीकृती शुल्क भरावे लागते. ते न भरता 'पुढच्या फेरीत बघू' म्हटले तर हातातल्या जागेवरचा हक्क जातो. पुढची चांगली जागा हवी असेल तर आधी हातातली जागा स्वीकारायची आणि बेटरमेंट निवडायचे. नियम दरवर्षी थोडे बदलतात, म्हणून माहितीपुस्तिका त्या वर्षीचीच वाचा, दादाची नको.

कॉलेजात हजर होताना एकट्याने जाऊ नका. सोबत कुणी लिहिता-बोलता येणारा कार्यकर्ता असावा. पूर्ण फी मागितली तर भांडू नका, घरीही परतू नका. 'मी शिष्यवृत्तीस पात्र आहे, फीविना प्रवेश द्यावा' असा अर्ज लिहा, आवकमध्ये द्या, शिक्का मारलेली प्रत घ्या. नकार लेखी मागा. त्याच दिवशी जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, समाजकल्याण यांच्या कार्यालयात कळवा. लेखी नकार द्यायला कॉलेजे सहसा तयार नसतात, आणि बरेचदा तिथेच मार्ग निघतो. अनामत, गणवेश, बस असे किरकोळ खर्च मात्र येतात, त्यासाठी काही हजार हाताशी ठेवा. मूळ कागदपत्रे तपासून परत द्यावीत, अडवून ठेवू नयेत, असे यूजीसीने २०१८ मध्येच बजावले आहे.

प्रवेशाची पावती मिळाली तरी काम निम्मेच झालेले असते. महाडीबीटीवर अर्ज भरून तो कॉलेज आणि समाजकल्याण अशा दोन्ही टप्प्यांवर मंजूर झाला की मगच आम्ही आमच्या वहीत त्या नावापुढे खूण करतो. कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, त्यापेक्षा जास्त असेल तर फ्रीशिप. नोकरदार वडिलांची मुले 'आम्हाला काही मिळत नाही' म्हणून फ्रीशिपचा अर्जच करत नाहीत आणि लाखोंची फी भरतात. बँक खाते आधारशी नुसते लिंक असून भागत नाही, थेट लाभासाठी सीडिंग झालेले लागते. ते बँकेत जाऊन विचारा. फीचा काही भाग आता विद्यार्थ्याच्याच खात्यात येतो. तो कॉलेजचा आहे, मोबाइलचा नाही. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज विसरणारेही कमी नाहीत.

राहण्याचे काय? समाजकल्याणच्या वसतिगृहाचा अर्ज वेगळा असतो आणि त्याची तारीखही वेगळी. तिथे नंबर लागला नाही तर भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये. पण पैसे उशिरा येतात, त्यामुळे पहिले तीन-चार महिने काढायची सोय आधी करावी लागते. आमच्या केंद्राने यंदा सत्काराच्या सन्मानचिन्हांचा खर्च बाजूला काढून त्यातून सहा मुलांचे पहिल्या दोन महिन्यांचे मेसचे पैसे भरले. स्वाधारची रक्कम आली की ती मुले परत करतात, आणि पुढच्या सहा जणांना ती मिळते. सत्कार तरीही झाला. फक्त तो ऑक्टोबरमध्ये झाला, आणि यादी गुणांवरून नव्हे, हजेरीपटावरून केली.