'आहे म्हणून आहे' म्हणण्यापूर्वी

उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवता शिकवता आमची अठरा वर्षे झाली. किती वह्या तपासल्या याची गणती नाही, पण त्यांतल्या काही चुका आता तोंडपाठ आहेत. 'पाणी आला', 'दूध सांडला', 'घर मोठा आहे', 'चहा उकळली'. दरवर्षी मुले नवी, वाक्ये मात्र तीच. आम्ही लाल पेनाने गोल काढायचो आणि वर्गात विचारायचो, "लक्ष कुठे असतं तुमचं?"

एकदा आठवीतल्या एका मुलीने हात वर केला. "टीचर, मराठीत पाणी 'ते' का असतं? आमच्या घरी तर पानी 'आता है'." वर्ग हसला. तास संपत आला होता आणि धडा अर्धा राहिला होता. आम्ही म्हणालो, "आहे म्हणून आहे. पाठ कर आणि खाली बस."

ती बसली. नंतर कित्येक आठवडे तिचा हात वर गेला नाही. खरे सांगायचे तर ते आमच्या लक्षातही आले नाही. पुढे पालकसभेत तिची अम्मी म्हणाली, "टीचर, हिला मराठी फार आवडायची. आता म्हणते, मराठी आपली नाहीच."

हे वाक्य घेऊन आम्ही घरी आलो. ज्या भाषेत आमची पोटापाण्याची नोकरी, ज्या भाषेत हे मासिक आपण वाचतो, ती भाषा 'आपली नाही' असे एका मुलीला वाटावे आणि त्याला कारण आम्ही व्हावे, हे काही केल्या मनातून जाईना.

आपल्याकडे 'मुहासबा' हा शब्द आहे. मुहासबा म्हणजे स्वतःचा हिशोब स्वतः घेणे. प्रत्येकाने उद्यासाठी आपण काय पुढे पाठवले आहे ते पाहावे, अशी ताकीद सूरह हश्रमध्ये आहे. बगदादमध्ये इ.स. ८५७ साली वफात पावलेले बुजुर्ग हारिस यांना तर या सवयीमुळेच 'मुहासिबी' हे नाव पडले. रमजानमध्ये, शब-ए-कद्रला आपण गुनाहांची माफी मागतो. पण रोजच्या बोलण्याचा, तोडून टाकलेल्या उत्तरांचा हिशोब आपण सहसा मांडत नाही.

त्या रात्री इशाच्या नमाजनंतर आम्ही तो मांडला. मुलीचा प्रश्न उद्धट होता का? नाही. वेळ नव्हता म्हणून उत्तर टाळले का? तेही पुरते खरे नव्हते. खरी गोष्ट अशी की उत्तर आम्हाला ठाऊक नव्हते. बीएड झालेल्या शिक्षकाला चाळीस मुलांसमोर 'माहीत नाही' म्हणायची लाज वाटली आणि त्या लाजेचा राग आम्ही मुलीवर काढला.

एवढे कबूल केल्यावर पुढची वाट सोपी झाली. आम्ही आमच्या एका निवृत्त सहकारी बाईंकडे गेलो आणि विद्यार्थ्यासारखे विचारले. त्यांनी समजावले ते असे. संस्कृतमध्ये तीन लिंगे होती. मराठीने ती तिन्ही टिकवली, आपल्या शेजारच्या गुजराती आणि कोकणीनेही टिकवली. हिंदी-उर्दूत मात्र नपुंसकलिंग उरले नाही, तिथे दोनच आहेत. म्हणून उर्दू बोलणारे मूल 'ते पाणी'ला पुल्लिंगी करते. चाय उर्दूत स्त्रीलिंगी, म्हणून मराठीतला 'तो चहा' त्याच्या वहीत 'उकळली' होतो.

म्हणजे मुले बेपर्वा नव्हतीच. घरच्या भाषेचा नियम ती इमानदारीने पाळत होती. अठरा वर्षे आम्ही ज्याला दुर्लक्ष म्हणत आलो, ते दोन भाषा एकाच डोक्यात नांदत असल्याचे लक्षण होते!

दुसऱ्या दिवशी वर्गात गेल्यावर पहिले वाक्य बोलायला जड गेले. "मागे एक प्रश्न आला होता. आम्हाला उत्तर माहीत नव्हतं आणि आम्ही रागावलो. आमचं चुकलं." वर्ग अगदी शांत झाला. मग फळ्यावर दोन भाग पाडले, उर्दूचा आणि मराठीचा. मुलांनी घरातले शब्द सांगायचे आणि दोन्हीकडचे लिंग शोधायचे. किताब आणि पुस्तक, चाय आणि चहा, पानी आणि पाणी. तास कधी संपला ते कळले नाही. ती मुलगी त्या दिवशीही फार बोलली नाही. विश्वास एका तासात परत येत नाही. काही दिवसांनी वही देताना तिने हळूच विचारले, "टीचर, मग आईसक्रीम काय?" आम्ही म्हणालो, "चला, शोधू या."

प्रश्न विचारणे म्हणजे बेअदबी, असा समज आपल्या बऱ्याच घरांत आहे. पण सूरह बकरामध्ये हजरत इब्राहिम (अलै.) आपल्या रबला विचारतात की तू मेलेल्यांना जिवंत कसे करतोस ते मला दाखव. त्यांच्या ईमानमध्ये कमी नव्हती, मनाची तसल्ली हवी होती. त्यांना झिडकारले गेले नाही, तर चार पक्ष्यांच्या मिसालमधून दाखवले गेले. मग आपल्या मुलाच्या 'का'ला आपण 'गप्प बस' का म्हणावे?

बदलाचीही आपल्याला भीती वाटते. काल एक बोललो, आज दुसरे बोललो तर लोक काय म्हणतील? इथे इमाम शाफई (रह.) यांची आठवण येते. कोकणातली बहुसंख्य मुस्लिम घरे त्यांच्याच मसलकावर चालतात. त्यांचा जन्म गाझामध्ये, हिजरी १५० म्हणजे इ.स. ७६७ मधला. मक्केत ते वाढले, मदिन्यात इमाम मालिक (रह.) यांच्याकडे शिकले. पुढे बगदादमध्ये इमाम अबू हनीफा (रह.) यांचे शिष्य इमाम मुहम्मद बिन हसन (रह.) यांच्याकडूनही शिकले. इराकमध्ये त्यांचे नाव झाले होते. तरी आयुष्याची शेवटची काही वर्षे इजिप्तमध्ये घालवताना त्यांनी आपली अनेक मते पुन्हा तपासली आणि त्यांतली कितीतरी बदलली. आधीच्या मतांना 'कौल-ए-कदीम' म्हणतात, नंतरच्या मतांना 'कौल-ए-जदीद'. कुरआन आणि हदीस तेच होते, दीनचा पाया तोच होता. बदलली ती त्यांची स्वतःची समज, आणि ते त्यांनी लपवले नाही. हिजरी २०४ (इ.स. ८२०) मध्ये त्यांची वफात झाली. आज शाफई मसलकात बहुतेक मसल्यांत 'जदीद'वरच अमल होतो. मत बदलल्याने त्यांचा मान कमी झाला नाही.

मग सासूबाईंनी सुनेला, अब्बांनी मुलाला किंवा आम्ही विद्यार्थ्याला 'माझं चुकलं' म्हटले तर आपला मान कसा कमी होईल?

वाचक बंधु-भगिनींनो, रात्री झोपण्यापूर्वी पाच मिनिटे काढून स्वतःला तीन गोष्टी विचारून पाहा. आज मी कोणाला तोडून बोललो का, आणि त्यामागचे खरे कारण काय होते? आज मला काय माहीत नव्हते, आणि ते मी कोणाला विचारले? उद्या कोणती एक गोष्ट वेगळी करीन? वहीत लिहिले तर उत्तम. पण हा हिशोब फक्त स्वतःचा ठेवायचा. शेजारणीचा, नणंदेचा किंवा सहकाऱ्याचा त्यात घ्यायचा नाही.

आमच्या वहीत अजूनही काही रात्री तेच लिहिलेले असते: 'आज पुन्हा आवाज चढला.' सवय अठरा वर्षांची आहे, तिला वेळ लागणार. फळ्यावरचे दोन भाग मात्र आता दरवर्षी जूनमध्येच पडतात, लाल पेन हाती घेण्यापूर्वी. अल्लाह तआला आपल्या सर्वांना स्वतःकडे पाहण्याची, विचारण्याची आणि सुधारण्याची तौफीक देवो. आमीन.