कॅमेऱ्याची कावड

गेल्या वर्षींच्या स्नेहसंमेलनांत आमच्या शाळेच्या वृद्ध संगीतशिक्षकांचा निरोपसमारंभ झाला. त्या प्रसंगीं त्यांनीं मुलांकडून आपल्या आवडीचें एक भजन म्हणवून घेतलें, आणि शेवटीं चार शब्द बोलतां बोलतां त्यांचा कंठ दाटून आला. हा सर्व प्रसंग व्हिडिओ कॅमेऱ्यानें टिपून घेण्याचें काम मजकडे होतें. पुढें तीन महिन्यांनीं गुरुजी प्रभूमध्यें निद्रिस्त झाले. त्यांच्या पत्नीनें तें चित्रण पाहावयास मागितलें, तेव्हां मला फार ओशाळल्यासारखें झालें. आवाज स्पष्ट होता, परंतु चित्र इतकें हालत होतें, कीं थोड्याच वेळांत बाईंनीं डोळे मिटून घेतले व त्या म्हणाल्या, "मास्तर, चालूं द्या, मी नुसतें ऐकतें." दोष यंत्राचा नव्हता, माझ्या हातांचा होता. त्यानंतर आमच्या कांहीं विद्यार्थ्यांनीं व मीं मिळून कॅमेरा खांद्यावर ठेवण्याचें एक साधन तयार केलें. त्याची कृति व त्यामागील कारण विद्यार्थ्यांना व पालकांनाही उपयोगी पडेल, असें वाटून हा लेख लिहिला आहे.

चित्र कां हालतें?

हातांतील कॅमेरा दोन प्रकारांनीं हालतो. एक तर तो सबंध इकडून तिकडे सरकतो, किंवा जागच्या जागीं वळतो. ह्या दोहोंपैकीं दुसरा प्रकार अधिक घातक होय. समजा, गाणारा मुलगा आपणांपासून १० मीटरांवर उभा आहे. कॅमेरा न वळतां १ सेंटिमीटर बाजूला सरकला, तर त्या मुलाच्या ठिकाणीं आपली नजरही १ सेंटिमीटरच सरकते, व तें कोणाच्या लक्षांतही येत नाहीं. परंतु कॅमेरा केवळ १ अंशानें वळला, तर तीच नजर सुमारें साडेसतरा सेंटिमीटर ढळते, आणि मुलाच्या मुखावरून शेजाऱ्याच्या कानावर जाते! यास्तव कॅमेऱ्याचें वळणें थांबविणें हेंच आपलें मुख्य काम आहे.

येथें दोरीवर चालणाऱ्या डोंबाऱ्याच्या मुलीचें स्मरण करावें. तिच्या हातांत लांब काठी असते ती शोभेसाठीं नव्हे. वजन मध्यापासून जितकें दूर, तितकी ती वस्तु वळण्यास अधिक विरोध करते. अंतर दुप्पट केलें तर हा विरोध चौपट होतो. म्हणून काठी धरलेली मुलगी एकाएकीं कलंडत नाहीं. तोल सांवरण्यास तिला अवधि मिळतो. लहान कॅमेऱ्याचें सर्व वजन एका मुठींत गोळा झालेलें असतें. त्यामुळें नाडीच्या ठोक्यानें किंवा श्वासानेंही तो वळतो. पूर्वीचे वार्ताहरांचे कॅमेरे मोठे व जड असत. १९८२ सालीं सोनी कंपनीनें आणलेला बीटाकॅम हा खांद्यावर घेण्याचाच कॅमेरा होता. पुढें भिंग, मागें बॅटरी, आणि मध्यें माणसाचा खांदा. यंत्रें लहान झालीं, तेव्हां वाहण्याचे कष्ट वांचले. पण त्यांबरोबर स्थैर्यही गेलें. तें आतां आपणांस परत मिळवावयाचें आहे.

तोलाचा हिशेब

आपल्या खेड्यांतून कावडीनें पाणी वाहणारा मनुष्य दोन्ही घागरी सारख्या भरतो. एक घागर हलकी असेल, तर खांदा त्या बाजूस न ठेवतां जड घागरीकडे सरकवितो. वजन गुणिले अंतर हें दोन्ही बाजूंस समान असलें म्हणजे कावड तोलांत राहते. आमचा कॅमेरा भिंगासह ९०० ग्रॅम वजनाचा असून खांद्यापुढें ३० सेंटिमीटरांवर बसतो. ९०० गुणिले ३० म्हणजे २७,०००. खांद्यामागें २७ सेंटिमीटरांवर वजन टांगावयाचें असेल, तर तें १,००० ग्रॅम, म्हणजे बरोबर १ किलो असावें. हेंच वजन १८ सेंटिमीटरांवर ठेवावयाचें, तर दीड किलो लागेल. मागची दांडी वाढविली तर वजन कमी पुरतें हें खरें. परंतु फार लांब दांडी वळतांना मागें बसलेल्या पाहुण्यांच्या डोक्यास लागते, हेंही ध्यानांत ठेवावें.

साहित्य

पाण्याचा पांढरा प्लॅस्टिकचा पाइप, बाहेरून २५ मिलिमीटर जाडीचा, २ मीटर. त्यास बसणारे ४ कोपरे (एल्बो) व २ टी. १२ मिलिमीटर जाडीची प्लायवुडची लहान फळी. ती पाइपास आवळण्याच्या ४ पट्ट्या, ज्यांना दुकानदार सॅडल म्हणतात. जुन्या दप्तराचा स्पंज किंवा गोधडीचा तुकडा. जाड कापडाची पिशवी. आणि १ किलो कोरडी, चाळलेली वाळू.

ह्यांखेरीज एक लहान वस्तु लागते, आणि सर्वांत अधिक चूक तिच्यांतच होते. ती म्हणजे कॅमेरा फळीस आवळण्याचा बोल्ट. कॅमेऱ्याच्या तळाशीं जें भोंक असतें, तें बहुधा पाव इंच व्यासाचें असून त्याचे आटे इंचास २० असतात. दुकानांत सहज मिळणारा ६ मिलिमीटरचा बोल्ट दिसण्यांत तसाच असतो, पण त्याचे आटे निराळे. तो बळानें फिरविल्यास कॅमेऱ्याचे आटे कायमचे खराब होतात. बोल्ट पाऊण इंचच लांब घ्यावा. फळी व वॉशर वजा जातां सुमारें ५ मिलिमीटर आंत जातो, तेवढा पुरे.

कृति

पाइपाचे ४५ सेंटिमीटरांचे दोन, १५ सेंटिमीटरांचे दोन व १० सेंटिमीटरांचे चार तुकडे कापावे. १० सेंटिमीटरांचा तुकडा, मग टी, मग ४५ सेंटिमीटरांचा तुकडा, अशी एक दांडी होते. अशाच दोन दांड्या समांतर ठेवून पुढील व मागील टोकें कोपऱ्यांनीं व उरलेल्या आडव्या तुकड्यांनीं जोडावीं, म्हणजे लांबट चौकट तयार होईल. दोन्ही टींचीं तोंडें खालीं करून त्यांत १५ सेंटिमीटरांचे तुकडे बसवावे. ह्याच मुठी होत. पुढील भागावर फळी ठेवून ती पट्ट्यांनीं आवळावी, व तिच्या मध्यास बोल्टापुरतें भोंक पाडावें. खांद्यावर येणाऱ्या भागीं दोन्ही दांड्यांना मिळून गोधडीचा तुकडा घट्ट गुंडाळावा. वाळूची पिशवी दुहेरी शिवून मागील आडव्या तुकड्यास बांधावी. ती लोंबकळूं देऊं नये.

प्रथम सांधे नुसते दाबून बसवावे आणि चौकट खांद्यावर घेऊन पाहावी. मुलाचा खांदा व बापाचा खांदा सारखा नसतो. माप जमलें म्हणजे प्रत्येक सांध्यांतून लहान स्क्रू घालावा. चिकटद्रव्य लाविल्यास सांधा पुन्हां सुटत नाहीं, म्हणून आम्हीं तें टाळलें. कापण्याचें व भोंकें पाडण्याचें काम मोठ्या माणसाच्या देखत करावें. तोल पाहण्यासाठीं कॅमेऱ्याऐवजीं तितक्याच वजनाची भाजी किंवा पुस्तकें बांधून चौकट खुर्चीच्या पाठीवर ठेवावी. कॅमेरा मागाहून चढवावा, आणि त्याचा पट्टा सदैव गळ्यांत असावा.

वापरतांना दोन्ही कोंपरें बरगड्यांशीं टेकवावीं, पाय थोडे फांकवावे, गुडघे किंचित् वांकवावे. असें केल्यानें खांदा व दोन हात अशा तीन आधारांवर यंत्र राहतें.

आतां कोणी म्हणेल, आजचे मोबाइल फोन हालणारें चित्र आपोआप स्थिर करितात, मग हा खटाटोप कशाला? त्यांची ती युक्ति दिवसाच्या उजेडांत उत्तम चालते. परंतु संध्याकाळच्या मंद दिव्यांत प्रत्येक चित्र टिपण्यास अधिक वेळ लागतो, आणि तेवढ्यांत हात हालला, तर चित्र मुळांतच पुसट होतें. पुसट झालेलें मुख मागाहून स्पष्ट होत नाहीं. आणि आपलीं संमेलनें तर बहुधा संध्याकाळींच होतात. आमच्या साधनालाही मर्यादा आहे. चालतांना पावलांमुळें बसणारे वरखालचे हिसके तें थांबवीत नाहीं. त्यासाठीं स्प्रिंगांचा हात लागतो. अमेरिकेंतील गॅरेट ब्राउन ह्यांनीं १९७५ च्या सुमारास स्टेडिकॅम नामक साधन काढलें, तें ह्याच प्रकारचें होय. म्हणून आमची कावड घेऊन उभें राहावें, धांवूं नये.

घरीं केलेलें साधन म्हणून कोणी त्यास हंसूं नये. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनीं परदेशी यंत्राची वाट न पाहतां आपल्या सहकाऱ्यांसह स्वतः चलच्चित्राचा कॅमेरा घडविला, आणि १९२० सालीं 'सैरंध्री' हा बोलपट नव्हे, मूकपट लोकांस दाखविला. आपण तर केवळ पाइप कापीत आहों.

वाळूवर घर बांधणाऱ्या मूर्खाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. परंतु योग्य जागीं बांधलेली शेरभर वाळूही माणसास स्थिर ठेवूं शकते, हें मला ह्या वयांत कळलें. यंदाच्या नाताळच्या कार्यक्रमांत आमच्या दहावीच्या विद्यार्थ्यानें ही कावड खांद्यावर घेतली होती. त्यानें केलेलें चित्रण मीं बाईंकडे नेलें. गुरुजींनीं शिकविलेलेंच भजन मुलें गात होतीं. बाईंनीं तें अथपासून इतिपर्यंत पाहिलें, डोळे उघडे ठेवून.