लाळ-खुरकूत लस : टाकीतील पेशींपासून प्रतिपिंडांपर्यंत

जळगाव-धुळे भागात ऐन पेरणीत बैलाला लाळ-खुरकूत झाले की काम अडते, दुभत्या जनावरांचे दूध घटते. रोग विषाणूजन्य असल्याने लसीकरण हाच खात्रीचा मार्ग होय.

या लसीचा विषाणू हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या मूत्रपिंडापासून मिळविलेल्या बीएचके-२१ पेशींत वाढवितात. पेशी मोठ्या पोलादी टाकीत, म्हणजे बायोरिॲक्टरमध्ये, पोषक द्रवात तरंगत ठेवतात. १९८२ साली राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने स्थापन केलेली हैदराबादची इंडियन इम्युनॉलॉजिकल्स ही संस्था ही लस बनविते.

लहान बाटलीत पेशींना वरची हवा पुरते. मोठ्या टाकीत ती तळापर्यंत पोहोचत नाही. म्हणून खालून हवा सोडून पंख्याने ढवळावे लागते. मात्र या पेशींना वनस्पतीसारखे टणक आवरण नसते. पंखा जोरात फिरल्यास किंवा बुडबुडे फुटताना त्या फाटतात. फारच हळू फिरल्यास तळाशी बसून गुदमरतात. त्यासाठी पात्यांचा आकार, वेग व हवेचे प्रमाण यांचा मेळ घालावा लागतो. तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास राखतात.

पुढे विषाणू रसायनाने निष्क्रिय करतात. त्याचा अखंड कणच जनावरात चांगली प्रतिपिंडे तयार करतो. उष्णतेने हा कण तुटतो आणि टाकीतील सारी मेहनत वाया जाते. म्हणून लस २ ते ८ अंशांवर, बर्फपेटीतच आणावी; गोठू देऊ नये. वासरांना चौथ्या महिन्यात पहिली मात्रा, महिन्याने दुसरी व नंतर दर ६ महिन्यांनी पशुवैद्यकाकडून लस टोचून घ्यावी.